खेळाडूचा प्रशिक्षक होताना: पायरी पायरीने

फुटबॉलपटूची कारकीर्द पस्तिशीच्या आसपास संपते, दुखापतीने घात केला तर त्याआधीच. मग बहुतेकांच्या मनात पहिला विचार येतो तो हाच: खेळ तर येतोच, आता शिकवू. मी स्वतः याच वाटेने प्रशिक्षणात आलो. माझ्यामागून येणारे खेळाडू भेटतात, फोन करतात, तेव्हा तेच ते प्रश्न असतात. आधी प्रशिक्षकाचं लायसन्स की आधी काम? वरच्या लीगमध्ये खेळूनही दहा वर्षांच्या मुलांपासून सुरुवात करायची का? कालपर्यंत ज्यांच्या शेजारी बसून बूट बांधले, त्यांना आज संघाबाहेर कसं बसवायचं? त्या सगळ्यांना एकदाच नीट सांगावं म्हणून हे लिहितोय.

एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा. खेळणं आणि शिकवणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि दुसरं पहिल्यापासून शिकावं लागतं. इटलीचे प्रशिक्षक आरिगो साक्की व्यावसायिक फुटबॉल कधीच खेळले नाहीत, तरी त्यांच्या एसी मिलानने १९८९ आणि १९९० असे लागोपाठ दोन युरोपियन कप जिंकले. तुमच्याकडे साक्कींकडे नसलेला मैदानावरचा अनुभव आहे. तो मोलाचा आहेच, पण तो तुमच्या पायांत आणि अंगवळणी पडलेल्या सवयींत आहे. समोरच्या अठरा जणांपर्यंत तो पोचवायचा कसा, हे शिकायला वेळ द्यावा लागतो.

## १. खेळत असतानाच सुरुवात करा

निवृत्तीनंतर बघू, असं म्हणू नका. शेवटची दोन-तीन वर्षं हाताशी असतात तेव्हाच तुम्ही रोज एका प्रशिक्षकाच्या हाताखाली काम करत असता आणि त्याचा पगारही घेत असता. शिकण्याची याहून चांगली संधी पुन्हा मिळत नाही.

एक वही करा. सरावानंतर घरी जाऊन पंधरा मिनिटं लिहा: आज काय घेतलं, किती जागेत, किती जणांत, किती वेळ, आणि कशासाठी घेतलं असावं. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. उत्तर सापडलं नाही तर दुसऱ्या दिवशी कोचला विचारा. बहुतेक कोचना असा प्रश्न विचारणारा खेळाडू आवडतो. वहीत मोठमोठे विचार लिहीत बसू नका. "मंगळवार, सामन्यानंतरचा दुसरा दिवस, खेळलेल्यांना हलकं काम, न खेळलेल्यांना ४ विरुद्ध ४, छोटं मैदान, तीन-तीन मिनिटांचे डाव" एवढं पुरे. वर्षभराने हीच पानं तुम्हाला आठवड्याची आखणी शिकवतील.

दुखापतीचे आठवडे वाया घालवू नका. त्या काळात व्हिडिओ विश्लेषकाच्या शेजारी बसा, प्रतिस्पर्ध्याचा सामना बघून यायला सांगितलं तर आनंदाने जा. जर्मन प्रशिक्षक यूलियान नागल्समनचं खेळणं गुडघ्याच्या दुखापतीने विशीतच संपलं. ऑग्सबुर्गच्या दुसऱ्या संघाचा तेव्हाचा कोच टोमास टुखेल याने त्याला पुढच्या प्रतिस्पर्ध्यांचे सामने बघून अहवाल द्यायचं काम दिलं. पुढे २८व्या वर्षी तो हॉफेनहाइमचा मुख्य प्रशिक्षक झाला. दुसऱ्याचा खेळ बघून तो मोजक्या शब्दांत मांडण्याचं काम तो त्याच काळात शिकला.

क्लबच्या अकादमीत संध्याकाळी लहान मुलांचा सराव चालत असेल तर आठवड्यातून एकदा तिथे उभं राहायची परवानगी मागा. पैसे मागू नका. कोन (खुणेचे प्लास्टिकचे शंकू) मांडा, चेंडू गोळा करा, बघा.

## २. कोणत्या प्रकारचा प्रशिक्षक व्हायचंय?

सगळ्यांना मुख्य प्रशिक्षकच व्हायचं असतं, कारण खेळाडू म्हणून आपल्याला तोच दिसतो. पण एका संघामागे सहायक, गोलकीपर कोच, फिटनेस कोच, विश्लेषक, सेट पीसवर (कॉर्नर, फ्री किक) काम करणारा, वयोगटाच्या संघांचे कोच अशी बरीच माणसं असतात. मुख्य प्रशिक्षकाचा बराचसा वेळ चेंडूपासून लांब जातो. व्यवस्थापनाशी बोलणं, पत्रकारांना उत्तरं देणं, खेळाडूच्या एजंटचा फोन, डॉक्टरांशी चर्चा, बसची वेळ. तुम्हाला मैदानावर राहून एकेका खेळाडूला घडवायला आवडत असेल, तर सहायकाचं किंवा युवा संघाचं काम तुम्हाला जास्त समाधान देईल. तिथेच अख्खी कारकीर्द काढणारी, क्लबमध्ये सगळ्यांत जास्त मान असलेली माणसं मी पाहिली आहेत.

गोलकीपर असाल तर तुमची वाट निम्मी आखलेलीच आहे. गोलकीपर कोचसाठी वेगळे लायसन्स कोर्स असतात आणि या कामाला स्वतः गोलकीपर नसलेला माणूस सहसा चालत नाही.

## ३. लायसन्सची शिडी चढा

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

फुटबॉलचं लायसन्स देण्याचा अधिकार देशाच्या फुटबॉल संघटनेकडे असतो आणि तिच्या कोर्सना मान्यता त्या त्या खंडाच्या महासंघाची असते. आशियात एएफसी (आशियाई फुटबॉल महासंघ), युरोपात यूएफा. दोन्हीकडे पायऱ्या सारख्याच नावाच्या आहेत: सी, बी, ए आणि सगळ्यात वर प्रो. काही देशांत सीच्या खाली आणखी पायऱ्या असतात. भारतात अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचं डी लायसन्स आहे आणि साधारणपणे तिथून एएफसी सीकडे जाता येतं.

वेळेचा अंदाज यावा म्हणून यूएफाचे किमान तास सांगतो: सीसाठी ६०, बीसाठी १२०, एसाठी १८० आणि प्रोसाठी ३६०. हे फक्त कोर्सचे तास झाले. दोन पायऱ्यांच्या मध्ये प्रत्यक्ष संघाबरोबर काम केल्याचा अनुभव मागतात आणि जागा मर्यादित असल्याने थांबावंही लागतं. तळापासून प्रोपर्यंत जायला वर्षं लागतात, महिने नाही. म्हणून पहिल्या पायऱ्या खेळत असतानाच, हंगामांच्या मधल्या सुट्टीत उरका.

कोर्समध्ये काय होतं? वर्गात सिद्धांत असतो, पण खरी परीक्षा मैदानावर होते. प्रशिक्षक-निरीक्षक तुम्हाला एक विषय देतात, उदाहरणार्थ "चेंडू गमावल्यावर पहिल्या पाच सेकंदांतला प्रेस (चेंडूवाल्यावर लगेच चढवलेला दबाव)". बरोबरचे उमेदवारच तुमचे खेळाडू होतात आणि तुम्ही वीस-पंचवीस मिनिटांत तो विषय शिकवून दाखवायचा असतो. वरच्या पायऱ्यांवर निरीक्षक तुमच्या क्लबमध्ये येऊन तुमच्याच संघाबरोबरचा सराव बघतात. लॉगबुक ठेवावं लागतं. प्रोला मोठा लेखी प्रकल्प असतो. इटलीत कोव्हर्चानोच्या केंद्रात शेवटी प्रबंध सादर करावा लागतो. आंद्रेआ पिर्लोसारख्या विश्वविजेत्यालाही तो चुकला नाही.

अर्जासाठी ही कागदपत्रं आधीच जमवून ठेवा:

- ओळखपत्र किंवा पासपोर्ट, जन्मतारखेचा पुरावा, फोटो
- खालच्या पायरीचं लायसन्स आणि त्याचा क्रमांक
- वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला
- प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र (बऱ्याच ठिकाणी मागतात, मागितलं नाही तरी करून घ्या)
- मुलांबरोबर काम करायचं असेल तर पोलीस पडताळणी आणि बालसुरक्षेचा कोर्स
- कोणत्या क्लबसाठी किती हंगाम खेळलात त्याचं क्लबच्या किंवा संघटनेच्या लेटरहेडवरचं पत्र
- सध्या ज्या संघाबरोबर काम करता त्या क्लबचं पत्र

खेळल्याचं पत्र क्लब सोडतानाच मागून घ्या. क्लब बंद पडतात, मालक बदलतात, सचिव निघून जातात. पाच वर्षांनी ते पत्र मिळवायला माणूस अक्षरशः रडकुंडीला येतो.

इथले सापळे:

खासगी संस्थांची चकचकीत प्रमाणपत्रं. त्यातून शिकायला मिळत असेलही, पण क्लबला स्पर्धेत खेळण्यासाठी जो परवाना लागतो त्याच्या नियमांत ती चालत नाहीत. पैसे भरण्याआधी आपल्या संघटनेला एकच प्रश्न विचारा: यावर पुढच्या पायरीला प्रवेश मिळतो का?

मोठ्या स्तरावर खेळलेल्यांना काही देशांत सुरुवातीच्या पायऱ्यांत सवलत मिळते किंवा खास खेळाडूंसाठी वेगळी तुकडी असते. नियम देशागणिक बदलतात, विचारून घ्या. पण सवलत मिळाली तरी तळाची पायरी शक्यतो गाळू नका. मुलं कशी शिकतात, छोट्या जागेतले खेळ कसे मांडतात, हे तिथेच शिकवतात आणि वरच्या कोर्समध्ये ते तुम्हाला येतं असं गृहीत धरलेलं असतं.

लायसन्स नसताना मुख्य प्रशिक्षकाची खुर्ची स्वीकारणं हाही एक सापळा. २०१४ मध्ये झिनेदिन झिदान रेआल माद्रिदच्या कास्तिया या दुसऱ्या संघाला शिकवत होता, तेव्हा त्या पातळीसाठी लागणारं लायसन्स त्याच्याकडे नाही म्हणून तक्रार झाली आणि प्रकरण स्पॅनिश संघटनेच्या शिस्तपालन यंत्रणेपर्यंत गेलं. झिदानच्या पाठीशी रेआल माद्रिद होतं. तुमच्या-माझ्या पाठीशी कोणी नसतं. काही क्लब लायसन्स असलेल्या दुसऱ्याच कोणाचं नाव कागदावर घालून तुमच्याकडून काम करून घ्यायला बघतील. नकार द्या.

शेवटचं, लायसन्सची मुदत संपते. यूएफाचं तीन वर्षांनी संपतं आणि नूतनीकरणासाठी त्या काळात किमान १५ तासांचं पुढचं प्रशिक्षण दाखवावं लागतं. आपल्या लायसन्सची मुदत आजच बघून ठेवा.

## ४. पहिलं काम खालचं घ्या

मोठ्या क्लबचा मुख्य प्रशिक्षक म्हणून थेट सुरुवात करण्याची संधी आली तर? नावाजलेल्या खेळाडूंना ती खरोखर येते. माझं मत स्पष्ट आहे, घेऊ नका.

गॅरी नेव्हिल हा मँचेस्टर युनायटेडचा किती मोठा बचावपटू, टीव्हीवर खेळ समजावून सांगण्यात किती वाकबगार, इंग्लंडच्या संघात सहायक म्हणून कामही केलेलं. डिसेंबर २०१५ मध्ये तो स्पेनच्या वॅलेन्सियाचा मुख्य प्रशिक्षक झाला. मुख्य प्रशिक्षक म्हणून हे त्याचं पहिलंच काम, देश परका, भाषा अजून शिकतोय, हंगाम अर्ध्यावर आलेला. मार्च संपायच्या आत त्याला जावं लागलं. २८ सामन्यांत १० विजय. फुटबॉलचं ज्ञान कमी पडलं असं मला वाटत नाही. दर तीन दिवसांनी सामना असताना शिकायला वेळच नव्हता.

आता दुसरी बाजू बघा. पेप ग्वार्डिओलाने २००७ मध्ये बार्सिलोनाचा बी संघ घेतला तेव्हा तो स्पेनच्या चौथ्या पातळीवर खेळत होता. तिथून संघाला वर चढवून २००८ मध्ये तो मुख्य संघाकडे आला आणि पहिल्याच हंगामात लीग, कप आणि चॅम्पियन्स लीग तिन्ही जिंकले. झाबी अलोन्सो तर विश्वविजेता. त्याने रेआल माद्रिदच्या १४ वर्षांखालच्या मुलांपासून सुरुवात केली, मग तीन हंगाम रेआल सोसिएदादचा बी संघ सांभाळला. त्या संघाला त्याने दुसऱ्या पातळीवर नेलं, पुढच्याच वर्षी तो खाली घसरतानाही पाहिला. ऑक्टोबर २०२२ मध्ये जर्मनीचं लेव्हरकुझेन तळाच्या जवळ असताना तो तिथे गेला आणि २०२३-२४ ची बुंडेसलीगा (जर्मनीची अव्वल लीग) एकही सामना न हरता जिंकली. मिकेल आर्टेटा आर्सेनलचा मुख्य प्रशिक्षक होण्याआधी तीनेक वर्षं ग्वार्डिओलाचा सहायक होता.

दुसरी वाट खालिद जमील यांची. दुखापतींनी खेळणं थांबलं तेव्हा ज्या मुंबई एफसीमध्ये होते तिथेच २००९ मध्ये ते प्रशिक्षक झाले आणि २०१६ पर्यंत तिथेच राहिले. तुटपुंज्या साधनांत संघ पहिल्या पातळीवर टिकवून ठेवणं हे काम दिसायला छोटं वाटतं. पण तिथून ते ऐझॉल एफसीला गेले आणि त्या छोट्या क्लबने २०१६-१७ची आय-लीग जिंकली. २०२५ मध्ये ते भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. ते थेट मुख्य प्रशिक्षक झाले हे खरं, पण जिथली माणसं, पैसा आणि अडचणी ठाऊक होत्या अशा ठिकाणी, आणि टिकून राहिले.

तेव्हा पहिलं काम निवडताना दोनच गोष्टी बघा. आठवड्याला स्वतः सराव आखून घ्यायची संधी किती? आणि तुमच्यावर नजर ठेवून दोन शब्द सांगणारा अनुभवी कोच तिथे आहे का? पगार नंतर.

लहान वयोगट मिळाला तर एक सावधगिरी. संघ निवडताना शरीराने मोठी मुलं चांगली वाटतात. वयोगटाच्या कटऑफनंतर (जन्मतारखेच्या मर्यादेनंतर) लगेच जन्मलेल्या मुलांना आठ-दहा महिन्यांचा फायदा असतो आणि जगभरच्या अकादम्यांत तीच जास्त निवडली जातात. यादीत प्रत्येकाच्या नावापुढे जन्ममहिना लिहून बघा. कटऑफ जानेवारीचा असेल तर डिसेंबरातलं चपळ, हुशार पोर तुम्ही गमावत तर नाही ना?

## ५. सराव आखायला शिका

हेच मुख्य काम. इथे तुम्ही कच्चे राहिलात तर बाकी काहीच कामाला येत नाही.

खेळाडूंची सवय अशी असते की आपल्याला जे आवडायचं ते घ्यायचं: थोडं पासिंग, थोडं शूटिंग, शेवटी मॅच. मुलं घामाघूम होतात, सराव छान झाला असं वाटतं, आणि शनिवारी मैदानावर त्यातलं काही दिसत नाही. उलटं करा. सामन्यात काय चुकतंय ते एका वाक्यात लिहा आणि तोच प्रसंग सरावात पुन्हा पुन्हा यायला हवा अशी मांडणी करा.

एक संपूर्ण सेशन उलगडून दाखवतो. समजा सामन्यात दिसलं की आपला मिडफिल्डर पाठमोरा चेंडू घेतो, मागून प्रेस येतो आणि तो दर वेळी मागे पास देतो. विषय झाला: मागून दबाव असताना चेंडू घेऊन वळणं.

*पहिली १५ मिनिटं.* तिघांचा गट, एका रेषेत, टोकाच्या दोघांत साधारण वीस मीटर. मधला चेंडू घेतो आणि वळून दुसऱ्या टोकाला देतो. चेंडू त्याच्याकडे यायला निघण्याआधी मागचा खेळाडू हाताची काही बोटं वर करतो आणि मधल्याने खांद्यावरून बघून तो आकडा ओरडायचा. आकडा चुकला म्हणजे त्याने बघितलंच नाही. मान वळवायची सवय एवढ्या साध्या खेळातून लागते. बार्सिलोनाचा मिडफिल्डर शावी चेंडू येण्याआधी किती वेळा मान फिरवायचा, हे मुलांना व्हिडिओवर एकदा नुसतं मोजायला लावा.

*पुढची २० मिनिटं.* ३० बाय २० मीटरचा आयत. आत ४ विरुद्ध ४, दोन्ही टोकांना एकेक तटस्थ खेळाडू, जो चेंडू ज्यांच्याकडे त्यांचा. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला चेंडू पोचवला की गुण, पण मधल्या कोणाच्या तरी पायातून जायला हवा. तीन मिनिटांचे डाव, मध्ये दीड मिनिट विश्रांती. विश्रांतीत पाणी आणि एकच सूचना.

आता तुम्ही बघायचं काय? चेंडूच्या मागे डोळे पळवू नका. चेंडू पासरकडे असताना घेणाऱ्याकडे बघा. त्याने मान वळवली का? शरीर तिरकं आहे की पासरकडे छाती करून उभा आहे? लांबच्या पायावर घेतोय की जवळच्या? बचावपटू अगदी अंगाशी असेल तर वळायचा हट्ट न करता एका टचमध्ये परत देतो का? आणि पासर? तो कोणत्या पायावर पास देतो, यातूनच पुढच्याला कळतं की वळ किंवा परत दे. निम्म्या वेळा चूक घेणाऱ्याची दिसते पण असते पास देणाऱ्याची.

कोणालाच वळता येत नसेल तर ओरडू नका, जागा पाच मीटरने वाढवा. सगळेच सहज वळत असतील तर कमी करा, किंवा चेंडू नसलेल्या संघाला एक खेळाडू जास्त द्या. जागा, खेळाडूंची संख्या, नियम आणि वेळ, ही चार बटणं तुमच्या हातात आहेत. स्वयंपाकात मीठ घालतात तसं थोडं थोडं बदला, चव बघा, मग पुढचं.

*पुढची २५ मिनिटं.* दोन गोल, ७ विरुद्ध ७, मैदानाचे तीन पट्टे. मधल्या पट्ट्यात मिडफिल्डरने वळून पुढे खेळलं आणि त्याच चालीत गोल झाला तर तो दोनदा मोजायचा. *शेवटची १५ मिनिटं* मोकळा सामना, कसलीही अट नाही, आणि तुम्ही तोंड बंद ठेवून वहीत लिहायचं: न सांगता कोण वळलं? तेच तुमच्या शिकवण्याचं मोजमाप.

मैदानावर जाताना जवळ काय हवं: दोन रंगांचे बिब (संघ ओळखायला जर्सीवर चढवायचे बनियन) आणि एक तिसऱ्या रंगाचा छोटा संच, भरपूर कोन, शिट्टी, घड्याळ, हवा भरलेले चेंडू, पंप आणि सुई, पाणी, प्रथमोपचाराची पेटी, खिशात मावेल अशा कागदावर आजची आखणी. पहिल्या दोन खेळांचे कोन खेळाडू येण्याआधीच मांडलेले हवेत. बिब वाटताना आणि कोन हलवताना गेलेली पाच-पाच मिनिटं जोडली तर सेशनचा मोठा तुकडा उडतो.

सगळ्यात मोठा सापळा म्हणजे रांग. एक शूट मारतोय आणि नऊ जण उभे. एखाद्या दिवशी मैदानाबाहेरच्या कोणाला तरी सांगा की एकाच खेळाडूकडे बघून त्याचे चेंडूला झालेले स्पर्श मोज. आकडा बघून तुम्ही दुसऱ्या दिवशी रांगा बंद कराल.

मुलांच्या बाबतीत हेडिंगचे नियमही तपासा. इंग्लंडमध्ये २०२० पासून प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांना सरावात हेडिंग देऊ नये अशा सूचना आहेत आणि इतरत्रही असेच निर्बंध येत आहेत. आपण जसे शिकलो तसंच शिकवायचं, हे इथे चालणार नाही.

## ६. बोलायला शिका, त्याहून जास्त थांबायला

चांगल्या खेळाडूला एक अडचण नेहमी येते. जे आपल्याला सहज जमायचं ते दुसऱ्याला का जमत नाही हेच कळत नाही. मग "अरे, बघ ना!" "जोर लाव!" "डोकं वापर!" असल्या सूचना निघतात. त्यातून खेळाडूला करायचं काय ते समजत नाही. "पास निघायच्या आधी डाव्या खांद्यावरून एकदा बघ" हे समजतं. सूचना देताना स्वतःला विचारा, हे ऐकून त्याने पुढच्या वेळी नेमकं काय वेगळं करायचं?

खेळ थांबवायचा असेल तर शिट्टीबरोबर सगळे जागच्या जागी उभे राहायला हवेत. चित्र तसंच असेपर्यंत बोला, पंधरा-वीस सेकंदांत. आधी प्रश्न: "तुला इथून काय दिसतंय?" उत्तर येऊ द्या. मग तोच प्रसंग पुन्हा खेळवा आणि सोडून द्या. एका डावात दोनदापेक्षा जास्त थांबवलंत तर मुलं खेळणं सोडून तुमच्या शिट्टीची वाट बघत बसतात.

"आमच्या वेळी" आणि "मी असतो तर" हे शब्द पूर्ण सोडा. पहिले काही आठवडे तुमच्या नावाचा दबदबा असतो, नंतर खेळाडू फक्त हे बघतात की या माणसामुळे माझा खेळ सुधारतोय का. करून दाखवायचं असेल तर जरूर दाखवा, पण हळू आणि एकदाच.

## ७. कालचे सहकारी, आजचे खेळाडू

त्याच क्लबमध्ये राहिलात तर हा प्रसंग येणारच. पहिल्याच आठवड्यात प्रत्येक जुन्या सहकाऱ्याशी वेगळं बसून बोला. मैत्री राहील, पण संघ निवडीबद्दल जेवणाच्या टेबलावर बोलणं होणार नाही, एवढं साफ सांगा. खेळाडूंच्या व्हॉट्सॲप गटातून स्वतः बाहेर पडा. ड्रेसिंग रूममध्ये तुमची नेहमीची जागा सोडा. सामन्याआधी बोलायचं ते बोला आणि बाहेर या, ती खोली आता त्यांची आहे.

बाहेर बसवायचं असेल तर यादी लागण्याआधी तोंडावर सांगा, आणि कारण खेळाचं द्या: "समोरचा विंगर वेगवान आहे, मला त्या बाजूला ताज्या पायांचा फुलबॅक हवाय." "मॅनेजमेंटचं म्हणणं होतं" असं कधीही म्हणू नका, निर्णय आपला म्हणून सांगा. तो चिडेल. दुसऱ्या दिवशी सरावात त्याच्याकडे आधी जा.

## ८. मुलाखत आणि करार

मुलाखतीला जाताना फाइलमध्ये लायसन्सच्या प्रती, तुम्ही आखलेल्या दोन-तीन सेशन्सचे कागद, त्या क्लबच्या अलीकडच्या दोन सामन्यांचं एका पानाचं विश्लेषण आणि पहिल्या सहा आठवड्यांची आखणी ठेवा. आवडता फॉर्मेशन (खेळाडूंची मैदानावरची मांडणी) ४-३-३ की ३-५-२ यावर तास घालवण्यापेक्षा, हातात असलेल्या खेळाडूंत ते कसं बसेल हे सांगितलं तर फरक पडतो. त्यांना उलट प्रश्नही विचारा: खेळाडू कोण आणणार? सरावाचं मैदान आठवड्यातून किती दिवस? फिजिओ आहे का? यशाची त्यांची व्याख्या काय?

करार लेखीच हवा. दुसऱ्या देशात काम करणाऱ्या प्रशिक्षकांच्या करारांसाठी फिफाचे वेगळे नियम जानेवारी २०२१ पासून लागू आहेत. त्यात पद, दोन्ही बाजूंचे हक्क आणि जबाबदाऱ्या, मोबदला, मुदत आणि सह्या या गोष्टी करारात असायलाच हव्यात असं सांगितलं आहे. व्हिसा मिळाला तरच करार वैध, अशी अट क्लबला घालता येत नाही. देशातल्या देशात काम असलं तरी याच गोष्टी तपासा, आणि शिवाय:

- मुदतीआधी काढलं तर भरपाई किती आणि किती दिवसांत
- पगार थकला तर किती दिवसांनी तुम्ही स्वतः करार मोडू शकता
- बोनस नेमक्या कोणत्या निकालावर
- घर, प्रवास, वैद्यकीय विमा
- तुमच्याबरोबर येणाऱ्या सहायकाचा वेगळा करार (तोंडी आश्वासनावर त्याला घर सोडायला लावू नका)
- वाद झाला तर कोणाकडे जायचं

क्रीडाविषयक करार हाताळणाऱ्या वकिलाला एकदा दाखवा. खेळाडू असताना हे एजंट बघायचा, आता तुम्हालाच बघावं लागेल.

## ९. काढलं तर

काढतातच. पिर्लोला युव्हेंटसने २०२० मध्ये कुठल्याही संघाचा अनुभव नसताना थेट मुख्य संघ दिला. त्याने इटालियन कप जिंकला, तरी लीगमध्ये चौथा आला आणि एका हंगामात गेला. तुमच्यावर ही वेळ आली तर पहिल्या दिवशी पत्रकारांशी बोलू नका आणि कसल्याही कागदावर सही करू नका, आधी वकील. खेळाडूंना आणि कर्मचाऱ्यांना भेटून निघा, कारण पुढचं काम बहुतेकदा त्यांच्यातल्याच कोणाच्या फोनवरून येतं.

मधल्या काळात तुमच्या सेशनच्या वह्या आणि सामन्यांचे व्हिडिओ वयोगट आणि विषयानुसार लावून ठेवा. दुसऱ्या क्लबांना पत्र लिहून आठवडाभर सराव बघायची परवानगी मागा. ग्वार्डिओलाने पहिलं काम घेण्याआधी मार्सेलो बिएल्सा या प्रशिक्षकाला भेटायला अर्जेंटिना गाठलं होतं. लायसन्सची पुढची पायरी बाकी असेल तर अर्ज याच काळात टाका. आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी कुठल्या तरी मुलांच्या संघाचा सराव घेत राहा, म्हणजे पुढच्या मुलाखतीत "सध्या काय करता?" याला उत्तर असेल.